पायऱ्यांमधला र

निवृत्त प्रोग्रामरला लोक दोनच प्रश्न विचारतात. मोबाइल सावकाश का चालतो, आणि मुलाने कोणती शाखा घ्यावी. पहिल्याचे उत्तर मला माहीत असते, पण ते लांब असते. दुसऱ्याचे माहीत नसते, आणि लोकांना ते उभ्या उभ्या हवे असते. मी दोन्हींना ‘बघावे लागेल’ असे सांगून चालू लागतो.

ज्या प्रश्नाने मला खरोखर कामाला लावले, तो कोणी विचारत नाही. दोन शब्द पडद्यावर तंतोतंत सारखे दिसत असताना यंत्र त्यांना वेगळे का मानते? हा प्रश्न मला कार्यालयात भेटला नाही. तो एका मराठी शाळेत, फुगे फोडण्याच्या खेळात भेटला, आणि त्या शाळेची एक खोली त्यावर अवलंबून होती.

माझ्या नोकरीची हकिगत थोडक्यात सांगतो. मी कारखान्यांसाठी प्रोग्राम लिहीत असे. सुरुवातीला एक यंत्र परदेशातून आणायचे तर परवान्यांसाठी दिल्लीच्या खेपा होत. यंत्र आले की त्याला थंड खोली मिळे, आणि त्या खोलीबाहेर आम्ही चपला काढत असू. पुढे बाजार खुला झाला. परवाने गेले, यंत्रे स्वस्त झाली, आणि ज्या शहरात सायकलींची दुकाने मोजता येत नसत, तिथे संगणक शिकवणाऱ्या क्लासच्या पाट्या मोजता येईनात. आमचे प्रोग्राम आम्ही कुलूपबंद विकत होतो. म्हणजे ग्राहकाला चालणारा प्रोग्राम मिळे. तो कसा लिहिला आहे, ते मिळत नसे. यात मला कधी काही गैर वाटले नाही, आजही वाटत नाही. मी घराला कुलूप लावतो, प्रोग्रामलाही लावत होतो.

माझ्या हाताखाली वानखडे नावाचा तरुण इंजिनियर होता. यवतमाळकडचा, वारज्यात चार मित्रांबरोबर खोली घेऊन राहत असे. काम उत्तम, बोलणे अघळपघळ. जेवणाच्या सुट्टीत तो संगणकावर खेळत असे आणि मी त्याला त्याबद्दल बोलत असे.

“सर, गेम लिहिणं सगळ्यात कठीण आहे,” तो एकदा म्हणाला. “तुमचा पगाराचा प्रोग्राम दोन मिनिटं अडला तर लोक चहा पिऊन येतात. गेम अर्धा सेकंद अडला तर माणूस उठून जाते.”

मी त्याला कामाला लागायला सांगितले. पण मुद्दा चुकीचा नव्हता. खडकीतल्या एका गोदामाच्या कार्यालयात मी पूर्वी पाहिले होते की तिथले वयस्कर कारकून माउसला हात लावायला घाबरत. आमचे प्रशिक्षण वाया गेले. मग कोणीतरी त्यांना संगणकातला पत्त्यांचा डाव दाखवला. आठवड्याभरात सगळे पत्ते उचलून इकडून तिकडे ठेवू लागले. मॅनेजर माझ्यावर चिडले. “अहो आपटे, कामाच्या वेळात पत्ते?” मी म्हणालो, “प्रशिक्षण चालू आहे.” ते खरेच होते. खेळात माणूस चुकायला घाबरत नाही, कारण चूक झाल्याचे खेळ तिथल्या तिथे सांगतो आणि पुन्हा संधी देतो. आमचे प्रोग्राम नुसते चूक झाल्याचे सांगत.

कुंटे बाई माझ्या शेजारी राहत. जुन्या पेठेतल्या एका मराठी शाळेच्या त्या मुख्याध्यापिका होत्या. मराठी आणि गणित दोन्ही शिकवीत. एके रविवारी त्या दारात उभ्या राहिल्या.

“आपटे, तुम्ही संगणकात आहात ना?”

“आहे.”

“मग या.”

एका कंपनीने जुने संगणक शाळेला दिले होते, पण आतले सारे पुसून. ते नुसते सुरू होत आणि काळा पडदा दाखवून थांबत. त्यांना ऑपरेटिंग सिस्टीम हवी होती. हे काय असते ते बाहेरच्यांसाठी सांगतो. स्वारगेटला कोणती बस कोणत्या फलाटावर लागेल, कोणी थांबायचे, कोणी निघायचे, हे एक नियंत्रक ठरवत असतो. प्रवाशाला तो दिसत नाही. तो जागेवर नसला की मात्र दिसतो. संगणकातला तो नियंत्रक म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. त्याच्याशिवाय संगणक म्हणजे बसगाड्या उभ्या असलेले मैदान.

बाईंची अडचण एवढीच नव्हती. संगणक ठेवले होते त्या खोलीवर एका खासगी शिकवणीवाल्याचा डोळा होता आणि तो चांगले भाडे देत होता. विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष बोऱ्हाडे हे स्वारगेटजवळ फरशांचा व्यापार करणारे गृहस्थ. स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात ते खोली पाहायला येणार होते. मुले संगणकावर काही करताना दिसली तर खोली राहणार, नाहीतर जाणार. “मुलं इंग्रजी शाळांकडे चालली आहेत,” बाई म्हणाल्या. “आमच्याकडे संगणक मराठीत शिकवतात एवढं सांगता आलं, तर थोडी थांबतील.”

मी वानखडेला बरोबर नेले. त्याने खिशातून एक सीडी काढली. त्या काळी पुण्यात ती कोणत्याही गल्लीत मिळे; वर स्केचपेनने नाव लिहिलेले असे.

“पावती?” बाईंनी विचारले.

“याची पावती नसते बाई. कॉपी आहे.”

“म्हणजे चोरीची.”

“सगळं पुणं हेच वापरून राहिलं ना, बाई.”

“सगळं पुणं सिग्नलही तोडतं. आणि ‘वापरून राहिलं’ नाही, ‘वापरतंय’.”

“आमच्याकडे असंच म्हणतात.”

“कुठे?”

“वऱ्हाडात.”

“बरं. चोरीला वऱ्हाडात काय म्हणतात?”

वानखडेने सीडी खिशात ठेवली.

विकत घेण्याची शाळेची ऐपत नव्हती. अशा रीतीने, कोणत्याही तत्त्वज्ञानामुळे नव्हे तर पावती नसल्यामुळे, मी पेंग्विनचे चित्र असलेल्या त्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमकडे वळलो. वानखडे तिच्याविषयी पूर्वीपासून बोलत असे आणि मी ऐकत नसे. ती जगभरच्या अनोळखी लोकांनी लिहिलेली होती, कोणीही घ्यावी अशी होती, आणि ती कशी लिहिली आहे तेही तिच्याबरोबर मिळत होते. माझे तेव्हाचे मत असे होते की जो आपले काम असे वाटून टाकतो त्याला एक तर दुसरे उत्पन्न असावे किंवा दुसरे काम नसावे.

बाईंना मी हे समजावून सांगितले.

“याला मराठीत काय म्हणता?”

“मुक्त स्रोत.”

“ओढ्याचं नाव वाटतं.” त्या म्हणाल्या. “म्हणजे उत्तराबरोबर पायऱ्याही दाखवलेलं गणित. असंच ना?”

मी हो म्हणालो. इतक्या कमी शब्दांत मला ते कधी सांगता आले नव्हते.

“मग तुमची कंपनी काय विकते?”

“उत्तर.”

“नुसत्या उत्तराला मी निम्मेच गुण देते,” बाई म्हणाल्या.

सिस्टीम बसवायला आमचे काही शनिवार गेले. प्रिंटर चालला नाही. आवाज शेवटपर्यंत आला नाही. शाळेने तो गुणच मानला. बाईंनी दाराशी पाटी लावली, ‘चपला बाहेर काढाव्यात.’ मी कारण विचारले नाही आणि आमच्या थंड खोलीची गोष्टही सांगितली नाही.

मुलांसाठी वानखडेने एक खेळ शोधून काढला. तोही मुक्त. वरून फुगे उतरतात, प्रत्येकावर एक शब्द असतो. फुगा जमिनीला लागण्यापूर्वी तो शब्द जसाच्या तसा टाइप केला की फुगा फुटतो. खेळ मूळचा इंग्रजी होता, पण पायऱ्या उघड्या असल्यामुळे तो मराठी करता येत होता. शब्द बाईंनी निवडले, वानखडेने ते सुट्टीच्या वेळी आमच्या कार्यालयातल्या संगणकावर टाइप केले आणि शाळेत आणून घातले. मुले तुटून पडली. इतकी की मधल्या सुट्टीचे मैदान ओस पडू लागले.

बोऱ्हाडे यायला थोडेच दिवस राहिले असताना बाईंचा निरोप आला. निरोपात ‘ताबडतोब’ हा शब्द होता.

“बसा,” त्या म्हणाल्या. “आणि बघा.”

मुले खेळत होती. ‘पाऊस’ फुटला, ‘अंगण’ फुटले, ‘शाळा’ फुटली. मग एका फुग्यावर ‘दुसऱ्या’ आला. मुलांनी हात खाली घेतले आणि फुगा शांतपणे जमिनीवर येऊ दिला.

“का रे?” मी विचारले.

“तो फुटत नाही, सर,” मुलांनी एका सुरात सांगितले. “पायऱ्या पण नाही. कुऱ्हाड पण नाही.”

“तुम्ही चुकीचं टाइप करत असाल.”

“मी टाइप केलं,” बाई म्हणाल्या. “आयुष्यभर शुद्धलेखन तपासलं. हे यंत्र मला चूक म्हणतं.”

मी खुर्ची ओढली. ‘दुसऱ्या’ टाइप केला. अक्षरे फुग्यावरच्या शब्दाशी रेषेरेषेने जुळत होती. फुगा जमिनीला लागला.

वानखडे मागे उभा होता. “वऱ्हाडही फुटत नाही, सर. बाई माझी भाषा दुरुस्त करता करता थकल्या, आता मशीनही आम्हाले चूक म्हणून राहिलं.”

बाई हसल्या नाहीत. “आपटे, मी स्पष्ट बोलते. ही मुलं बरोबर लिहितात आणि यंत्र त्यांना चूक ठरवतं. हळूहळू त्यांना आपलंच चूक वाटायला लागेल. शुद्धलेखन बिघडवणारी खोली मला नको. हे दुरुस्त होणार नसेल तर बोऱ्हाड्यांना मीच सांगेन, शिकवणीला देऊन टाका.”

सगळे अडलेले शब्द मी फळ्यावर लिहायला लावले. दुसऱ्या, पायऱ्या, कुऱ्हाड, वऱ्हाड, तऱ्हा. दोष कुठे आहे ते फळ्यावरच दिसले. प्रत्येकात तो एकच र होता, जो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर न चढता त्याच्या अंगाला आडवा टेकतो. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ यांत एवढाच फरक आहे. पहिल्यात प्रवचन होते, दुसऱ्यात स्वयंपाक. हिंदीला या रची गरज पडत नाही. आपल्याला पदोपदी पडते.

पण दोष कुठे हे कळणे आणि का हे कळणे यांत माझ्या धंद्याचा सगळा फरक आहे. आमच्या कार्यालयात असे झाले असते तर मी विकणाऱ्या कंपनीला पत्र लिहिले असते आणि वाट पाहिली असती. इथे पत्र लिहायला कोणी नव्हते आणि वाट पाहण्याची गरजही नव्हती. खेळ कसा लिहिला आहे ते समोर होते. इतक्या वर्षांत दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम मी कधी परवानगीशिवाय उघडला नव्हता. येथे परवानगी आधीच दिलेली होती. मला ते थोडे विचित्र वाटले. अनोळखी घराचे दार उघडे असावे आणि आत कोणी रागावू नये, तसे.

घर नीटनेटके होते, हेही नमूद करतो.

ज्या ओळीत टाइप केलेला शब्द फुग्यावरच्या शब्दाशी ताडून पाहिला जात होता, ती ओळ सापडली. यंत्राच्या पोटात अक्षरे नसतात, आकडे असतात. प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेला, मोडलेल्या पायालाही एकेक आकडा. मी दोन्ही शब्दांचे आकडे पडद्यावर छापून पाहिले. एका ‘दुसऱ्या’त सात आकडे होते. दुसऱ्या ‘दुसऱ्या’त आठ.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

कारण असे निघाले. हा आडवा र यंत्रात दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत त्याच्यासाठी वेगळे अक्षरच आहे. दुसऱ्या रीतीत साधा र लिहायचा, त्याचा पाय मोडायचा, आणि पुढे एक अदृश्य खूण ठेवायची, जी पडद्याला सांगते की याला डोक्यावर चढवू नकोस. दोन्ही रीती नियमाला धरून आहेत. दोन्ही सारख्याच दिसतात. आमच्या कार्यालयातला कीबोर्ड एका रीतीने लिहीत होता, शाळेतला दुसऱ्या. चूक वानखडेची नव्हती, मुलांची नव्हती आणि बाईंची तर नव्हतीच. खेळ आकडे जुळवत होता, आणि आकडे खरेच जुळत नव्हते.

“सोपं आहे सर,” वानखडे म्हणाला. “शब्द याच मशीनवर पुन्हा टाइप करतो. मॅटर खतम.”

मी होकारार्थी मान हलवली. कार्यालयात मी हेच केले असते. ग्राहकाची तक्रार संपली की आमचे काम संपत असे.

“म्हणजे इथे फुगे फुटतील,” बाईंनी विचारले. “आणि दुसऱ्या शाळेत?”

“दुसऱ्या शाळेत हा खेळ नाही.”

“आज नाही. उद्या कोणी घेईल. तिथल्या मुलांनाही यंत्र चूकच म्हणेल, आणि तिथे शेजारी आपटे राहत नसतील.” त्यांनी खडू खाली ठेवला. “हे मागचं पान उघडून उत्तर लिहिल्यासारखं आहे. पायऱ्या दुरुस्त करा.”

मग आम्ही पायऱ्या दुरुस्त केल्या. शब्द ताडून पाहण्याआधी दोन्हींतला र एकाच रीतीने लिहून घ्यायचा, एवढेच. चारपाच ओळी. लिहायला जितका वेळ लागला त्याहून अधिक वेळ आम्ही ती जागा शोधण्यात घालवला. या धंद्यात बहुधा असेच असते. वानखडेने पहिला शब्द ‘वऱ्हाड’ घेतला. फुगा फुटला तेव्हा तो बाईंकडे पाहत होता.

“बरं,” बाई म्हणाल्या. “वऱ्हाड मान्य.”

बोऱ्हाडे आले ते दारातच थांबले. “चपला काढायच्या? ही खोली आहे का गाभारा?”

“फरशी तुमच्याच दुकानची आहे,” बाई म्हणाल्या. “खराब होऊ नये म्हणून.”

त्यांनी चपला काढल्या. मुलांचा खेळ पाठीमागे हात बांधून पाहिला. चेहऱ्यावर काही दिसेना. मग म्हणाले, “खेळच आहे हा. खेळायला खोली कशाला? शिकवणीवाला निदान शिकवेल तरी.”

बाईंनी त्यांना खुर्ची दिली. “तुम्ही खेळून बघा.”

पुढचा फुगा बाईंनी ठरवून ठेवला होता, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हते. त्यावर लिहिले होते ‘बोऱ्हाडे’. हा शब्द आम्ही तपासला नव्हता. शेजारी बसलेली मुलगी त्यांना एकेक कळ दाखवत होती आणि ते एका बोटाने ती दाबत होते. फुगा जमिनीजवळ आला. त्यांनी शेवटची मात्रा दिली. फुगा फुटला.

बोऱ्हाडे पडद्याकडे पाहत राहिले. पडद्यावर त्यांनी टाइप केलेले नाव अजून होते.

“हे कसं काय आलं?” त्यांनी विचारले.

“काय?”

“माझं नाव. अहो, मुलाच्या लग्नाची पत्रिका छापली तर तिच्यावर रफार चढवून ठेवला होता. पतसंस्थेच्या पासबुकावर बोरहाडे आहे. कॉम्प्युटरवाला म्हणतो, साहेब, कॉम्प्युटरमध्ये तुमचं नाव बसत नाही. मी म्हटलं, आमच्या आजोबांचं बसत होतं.”

“आमच्या मुलांना येतं ते,” बाई म्हणाल्या. “खेळून खेळून.”

बोऱ्हाड्यांनी आपले नाव पुन्हा एकदा टाइप केले. मग तिसऱ्यांदा, कोणाच्या मदतीशिवाय. उठताना त्यांनी एवढेच विचारले, “शिकवणीवाल्याला हे येतं का?”

“विचारून बघा,” बाई म्हणाल्या.

खोली राहिली. बाई निवृत्त होईपर्यंत आणि नंतरही काही वर्षे राहिली. पुढे शाळाच आटोपत गेली, तेव्हा खोलीचे काय झाले ते मी विचारले नाही.

एक काम उरले होते. दुरुस्ती इतरांना मिळायची तर ती खेळाच्या मूळ कर्त्यांकडे पाठवावी लागते, आणि ती का केली हे सोबत लिहावे लागते. बाई म्हणाल्या, “आधी मराठीत नीट लिहून आणा, मग इंग्रजीत काय ते करा.” मी पानभर लिहून नेले. त्यांनी सवयीने लाल पेन काढले, वाचले आणि खाली लिहिले, दहापैकी आठ.

“दोन कशाचे कापलेत?”

“‘मी’ फार वेळा आलाय. मी पाहिलं, मी शोधलं, मी दुरुस्त केलं. र कोणाचा आहे?”

ते ‘मी’ मी काढले. पान निम्मे झाले, आणि अधिक स्पष्ट झाले. ते आम्ही पाठवले.

काही दिवसांनी उत्तर आले, ते काठमांडूहून. तिथला एक गृहस्थ तोच खेळ नेपाळीत करत होता. त्याने लिहिले होते की हा र आमच्याकडेही आहे, ‘केले’ म्हणायला आम्ही जो शब्द वापरतो त्यातच तो बसलेला आहे, आणि आमचेही फुगे फुटत नव्हते, आता फुटतात. खाली आभार नव्हते. त्याने आमची एक ओळ आणखी आखूड करून दाखवली होती, आणि ती आमच्यापेक्षा चांगली होती. ज्यांना मी उद्योग नसलेली माणसे समजत होतो, त्यांपैकी एकाशी माझी ओळख झाली ती अशी. त्याला हा उद्योग का करावासा वाटला, हे मी त्याला विचारले नाही. मला का वाटला, हे तरी मला कुठे ठाऊक होते?

माझे प्रोग्राम पुढेही कुलूपबंदच विकले गेले, आणि त्यांवर माझे घर चालले. ते कारखाने आता नाहीत, म्हणून ते प्रोग्रामही नाहीत. त्या चारपाच ओळी मात्र मध्यंतरी मी शोधल्या, तेव्हा सापडल्या. इतरांनी त्यांच्या भोवती बरेच काही बांधले आहे. नाव कोणाचेच नाही.

हा लेख लिहिताना ‘पायऱ्या’ हा शब्द अनेकदा टाइप करावा लागला. प्रत्येक वेळी नीट उमटला. ‘मी’सुद्धा बराच उमटला आहे. गुण कापायला आता बाई नाहीत.